बाईंची बाटली कोणी उतरवायची?

मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे. मित्रांनो, नाव ऐकून नाक मुरडू नका. घरात नवी खुर्ची आली तर माणसे तिच्यावर हात फिरवून पाहतात. मी आलो की आवाज खाली करतात. माझा पायगुणच तसा, त्याला कोण काय करणार! तरीही माझी हकीकत ऐका. ती माझ्यापेक्षा तुमच्याच जास्त उपयोगाची आहे.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. एका लांब स्टीलच्या नळीचे त्याने तुकडे केले. काही तुकडे जिन्याच्या कठड्याला गेले, काही पडद्यांच्या दांड्या झाले आणि उरला तो मी. खाली पाच पाय, प्रत्येक पायाला एक चाक आणि वर दोन आकडे. वेल्डरने मला एक ढकल देऊन पाहिले, तर मी सरळ जायचे सोडून डावीकडे वळलो. तो म्हणाला, चालतंय, आजारी माणसाला कुठे शर्यत लावायची आहे! तेव्हापासून मी डावीकडेच ओढ घेतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी धड जिता नाही आणि मेलेलाही नाही, तेव्हा माझी खोड जायची कशी?

वेल्डरकडून मी एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथली वर्षे माझ्या तोऱ्याची. माणूस वॉर्डात आला की पहिली हाक माझ्या नावाची असे. मी ऐटीत, डावीकडे ओढ घेत येई. बाटली अडकवली, नळी जोडली, सुई टोचली की पलंगाभोवती उभ्या असलेल्या नातेवाइकांचा जीव भांड्यात पडे. जुलाबांनी पार सुकून गेलेली पोरे माझ्याशेजारी टवटवीत झालेली मी पाहिली आहेत. पोटाचे ऑपरेशन झालेले आजोबा एका हाताने मला आणि दुसऱ्या हाताने पायजम्याची नाडी धरून वॉर्डभर फेऱ्या मारत. मला वाटे, या सगळ्यांना मीच उभे करतो. बाटल्या काय, आज ही तर उद्या ती, पण आकडा माझा!

वॉर्डाच्या टोकाला मात्र काही पलंग असे होते की तिथली माणसे बरी होणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असे. त्यांनाही बाटली लावलेली असे. डॉक्टर तिथे उभ्याउभ्याच येत, बाटलीकडे बघत, चालू ठेवा म्हणत आणि पुढे जात. मग एखाद्या सकाळी बाटली अर्धीअधिक भरलेली असे आणि माणूस गेलेला असे. सिस्टर नळी काढून मला पुढच्या पलंगाकडे नेत. मी त्याचा कधी विचार केला नाही. तिथे तेवढा वेळ कोणालाच नव्हता.

पुढे थेंब मोजणारी यंत्रे आली आणि माझी किंमत उतरली. माझा एक आकडा वाकला, चाकांत केस आणि दोरे गुंतले. कामापुरता मामा म्हणतात ना, तशी माझी गत झाली. मला जिन्याखालच्या अडगळीत टाकले. शेजारी एक लंगडी चाकाची खुर्ची होती आणि बूड नसलेली बादली. दार बाहेरून बंद. वरून दिवसभर पावले जात, पण माझ्यासाठी एकही थांबत नसे. चाके असूनही जागचे हलता येऊ नये, याहून वाईट काय असते, असे मला तेव्हा वाटे. त्याहूनही वाईट असते, हे मला पुढे कळले.

आजारी माणसांच्या वस्तू भाड्याने देणाऱ्या एका दुकानदाराने आम्हा सगळ्यांना एकदम उचलले. त्याने माझा आकडा सरळ केला आणि चाकांना तेल दिले. डावीकडची खोड त्यालाही काढता आली नाही. त्या दुकानातून मी बाईंच्या घरी आलो.

बाई गावच्या तलावावर पोहायला शिकवत. सगळे त्यांना तलावाच्या बाई म्हणत. अर्ध्या गावाने त्यांच्या हाताखाली पाण्याची भीती घालवली होती आणि त्यांच्या डोळ्यांसमोर कधी कोणी बुडाले नव्हते. रुंद खांदे, खणखणीत आवाज. पोहायला येणारा माणूस कितीही मोठा साहेब असो, काठाला चिकटून राहिला की बाई त्याला सगळ्यांसमोर झापत. आता मात्र त्यांच्या पोटात रोग झाला होता आणि तो यकृतात आणि छातीत पसरला होता. रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला व्हरांड्यात बोलावून सांगितले, आता इथे करण्यासारखे काही उरले नाही, घरी न्या. मुलगा हात जोडून म्हणाला, निदान काहीतरी चालू ठेवा. मोठे डॉक्टर घाईत होते. त्यांनी त्याच्या समाधानासाठी सलाईन लिहून दिले. बाईंना मात्र कोणी काहीच सांगितले नाही.

मुलगा मला खांद्यावर टाकून जिने चढला. घर लहान होते. बाईंच्या खोलीत एका भिंतीला पलंग, दुसऱ्या भिंतीला कपाट आणि मधल्या फटीत मी. मी तिथे असा घट्ट बसलो की कपाटाचे दार उघडेना. बाईंच्या सुनेने निमूटपणे घरातले कपडे बाहेर दोरीवर ठेवायला सुरुवात केली. खोलीच्या दाराला उंच उंबरठा होता, त्यापलीकडे गॅलरी आणि गॅलरीत एक वेताची खुर्ची. बाईंना तिथे बसायचे होते. पहिल्याच दिवशी मुलाने मला फटीतून ओढून बाहेर काढले, बाई मला धरून उठल्या आणि आम्ही दोघे दारापर्यंत गेलो. तिथे माझी चाके उंबरठ्याला अडली. मला उचलावे तर नळी ताणली जाई आणि सुई हले. मुलगा म्हणाला, राहू दे आई, उद्या बघू. तो उद्या काही उजाडला नाही.

मुलगा वाईट नव्हता, मित्रांनो. असा मुलगा शोधून सापडायचा नाही. पाण्याचे पंप आणि मोटारी दुरुस्त करणे हा त्याचा धंदा. त्याने दुकान बंद ठेवले आणि तो माझ्यासमोर स्टूल टाकून बसला. बाटलीखालच्या नळीच्या कुपीत पडणाऱ्या थेंबांवर त्याची नजर. थेंब मंदावला की नळीवरचे चाक जरा सैल करायचे, जोरात पडू लागला की जरा आवळायचे. बाटली संपत आली की त्याच्या कपाळावर घाम येई. शेजारच्या काकू विचारपूस करायला येत, तेव्हा त्यासुद्धा आधी वर बाटलीकडे बघत. बाटली चालू आहे ना, मग ठीक आहे, असे म्हणून त्या जात. सुई बदलायला येणारा कंपाउंडर तर म्हणे, ताकदीची बाटली आहे, पडू द्या. बाईंच्या चेहऱ्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. मी मात्र अडगळीतून बाहेर पडून पुन्हा सगळ्यांच्या नजरेत आलो होतो, म्हणून खुशीत होतो.

पण बाई काही बऱ्या दिसेनात. त्यांनी खाणे सोडले, म्हणून एका बाटलीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या. पायांवर सूज चढली, मग हातांवर. बोट दाबले की तिथे खळगा राही. छातीत घरघर सुरू झाली. त्यांना आडवे निजता येईना, एक वाक्य एका दमात पुरे करता येईना. सुजेत शीर सापडत नसे आणि कंपाउंडर टोच टोच टोचे. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा सगळा प्रकार. आणि तो खणखणीत आवाज आता माझ्यापर्यंतसुद्धा नीट पोचत नव्हता.

एका दुपारी बाईंनी स्वतःच सुई उपटून टाकली. चादर रक्ताने भिजली. मुलगा धावत आला आणि लहान मुलासारखा रडला. कंपाउंडरने पुन्हा सुई लावली. मग मुलाने एक मऊ टॉवेल आणला, आईच्या मनगटाभोवती गुंडाळला आणि त्याचे दुसरे टोक माझ्या दांड्याला बांधले. पलंगाला कठडा नव्हता आणि मी फटीत पक्का बसलेला होतो, म्हणून माझ्या दांड्याला. तो म्हणाला, आई, रागावू नकोस, तुझ्यासाठीच आहे हे. बाईंनी डोळे मिटून घेतले.

मित्रांनो, मी आधार म्हणून त्या घरात आलो होतो आणि आता खुंटा झालो. जो हात आयुष्यभर पाणी कापत गेला, तो माझ्या दांड्याला बांधलेला. बाई कूस बदलू पाहत तेव्हा टॉवेल ताणला जाई आणि तो ओढा माझ्या अंगातून जाई. मला हलता येत नव्हते, त्यांना हलता येत नव्हते आणि तो मुलगा स्टुलावरून उठायला तयार नव्हता. तिघेही एकाच फटीत अडकलो होतो. जिन्याखालची अडगळ मला तेव्हा बरी वाटली.

त्या घराची आणखी एक रीत होती. आजाराविषयी जे काही बोलायचे ते स्वयंपाकघरात, आणि बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून. माझ्या पोकळ दांड्यात मात्र ते घुमत येई. तिथेच एका सकाळी सून नवऱ्याला म्हणाली की एक डॉक्टर आहेत, ज्या घरी येतात. ज्यांचा आजार बरा होणारा नाही अशा माणसांचे दुखणे, धाप, सगळे त्या बघतात. नवरा एकदम भडकला. म्हणजे आपण हार मानायची का, असे त्याने विचारले. सुनेने नळ बंद केला आणि फोन लावला.

डॉक्टर आल्या त्या धापा टाकतच. अंगाने स्थूल, वयाने पन्नाशीपुढच्या, जिन्याने त्यांचा पार पिट्ट्या पाडला होता. त्यांनी आधी घोटभर पाणी मागितले. मुलाने रीतीप्रमाणे त्यांना स्वयंपाकघरात नेले आणि नळ सोडला. डॉक्टरांनी तो बंद केला. आधी बाईंना भेटते, म्हणाल्या, मी त्यांची डॉक्टर म्हणून आले आहे.

खोलीत येऊन त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. मी इतक्या वर्षांत डॉक्टर पाहिले ते उभेच. बसलेला डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी टॉवेलकडे पाहिले, पण त्याविषयी एक शब्द काढला नाही. छाती तपासली, पायावर अंगठा दाबून खळगा पाहिला, जीभ पाहिली. मग बाईंचा बांधलेला हात आपल्या हातात घेऊन विचारले, "बाई, तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?"

"अशक्तपणाचा," मुलगा म्हणाला.

"त्यांना बोलू द्या. वेळ लागला तरी चालेल."

कुपीत थेंब पडत होते. मग बाई थांबत थांबत म्हणाल्या, "मी आयुष्यभर... माणसांना पाण्यातून वर काढलं. आणि हा मला... पलंगावर बुडवतोय."

मुलाच्या तोंडचे पाणी पळाले. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिले नाही. त्यांनी बाईंना पुढे विचारले, आजाराविषयी तुम्हाला काय ठाऊक आहे? बाईंच्या ओठांवर थोडे हसू आले. "सगळं. स्वयंपाकघरातला नळ... इतका वेळ उगाच कोण सोडून ठेवतं?"

दारात उभ्या असलेल्या सुनेने पदराने तोंड झाकले. ती हसत होती की रडत होती, मला कळले नाही. डॉक्टरांनी विचारले, मग तुम्हाला काय हवे आहे? बाईंनी मान गॅलरीकडे वळवली. हात सोडा, म्हणाल्या. ही बाटली उतरवा. मला त्या खुर्चीत बसायचे आहे.

मुलाचा बांध फुटला. "आणि तिला उपाशी मारू? एक घोट पाणी जात नाही तिच्या पोटात. ही बाटली काढली तर तहानेनं तडफडून जाईल ती. तुम्ही डॉक्टर आहात की कोण आहात?"

डॉक्टर चिडल्या नाहीत. त्यांनी त्याला समोरच्या स्टुलावर बसवले आणि सगळे बाईंच्या देखत सांगितले. भूक आधी जाते. ती गेली म्हणून माणूस जातो असे नाही. शरीर आपला कारभार आवरायला घेते म्हणून ती जाते. बाईंच्या शरीराला आता हे पाणी वापरता येत नाही. ते पायांत साठते, छातीत साठते, आणि त्या घरघरीचे कारण बऱ्याच अंशी तेच आहे. तोंडाला कोरड पडते ती बाटलीने जात नाही, ती ओल्या कापसाने जाते. मुलगा ऐकत होता, पण ऐकून घेत नव्हता. तेव्हा डॉक्टरांनी विचारले, तुम्ही काय काम करता? पंपाचे, तो म्हणाला.

"मग मला सांगा, एखाद्या पंपाची पाणी बाहेर टाकायची वाट बंद झालीय. ती आता काही केल्या उघडणार नाही. तुम्ही आत येणारा नळ आणखी मोठा कराल का?"

मुलाची नजर थेंबावरून आईच्या सुजलेल्या हातावर आली. "नाही," तो शेवटी म्हणाला. "पाणी मोटारीत शिरेल."

तरीही त्याचा हात नळीकडे जाईना. तो खाली बघून बोलू लागला. त्याचे वडील रुग्णालयात होते, तेव्हा त्यांच्याजवळ तोच बसलेला होता. भूक लागली म्हणून तो खाली खायला गेला. परत आला तेव्हा बाटली कोरडी पडलेली, नळीत रक्त मागे चढलेले आणि वडील गेलेले. हे त्याने कधी कोणाला सांगितले नव्हते, बायकोलाही नाही. तेव्हापासून त्याला वाटत होते की आपण जेवत बसलो आणि बाटली संपली, म्हणून बाबा गेले.

"रिकाम्या बाटलीनं तुमचे वडील गेले नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "भरलेल्या बाटल्या लावलेली कितीतरी माणसं माझ्या डोळ्यांसमोर गेलीत."

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडावेसे वाटले. खरे आहे, मीही पाहिली आहेत! वॉर्डाच्या टोकाचे ते सगळे पलंग माझ्या डोळ्यांपुढे आले. पण लोखंडाला कुठला आवाज? मी उभा होतो तसाच उभा राहिलो. बाईंची बोटे मात्र टॉवेलच्या बाहेर हलली. त्या मुलाला काहीतरी सांगू पाहत होत्या आणि दम पुरत नव्हता. मुलाने ते पाहिले. तो उठला, माझ्या दांड्याजवळ आला आणि टॉवेलची गाठ सोडू लागला. गाठ ओढून ओढून घट्ट झाली होती. त्याने ती दातांनी सोडवली. बाईंचा हात सुटला आणि त्याच्या डोक्यावर गेला.

"एवढं ओझं... एकट्यानं वाहिलंस?" बाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने मुलाने विचारले, बाटली मी बंद केली तर मीच तिला मारले असे होईल का? डॉक्टर म्हणाल्या, "अवघड आहे, मलाही. आम्हाला बाटली लावायला पहिल्या वर्षापासून शिकवतात, उतरवायला फार उशिरा शिकतो आम्ही. पण हा निर्णय तुमच्या अंगावर टाकून मी जाणार नाही. बाईंनी त्यांना काय हवं ते सांगितलंय आणि त्यांची डॉक्टर म्हणून मी सांगतेय, बाटली बंद करायची. उद्या कोणी विचारलं तर माझं नाव सांगा. त्रास वाढला तर मला बोलवा, मी येईन. तुम्ही फक्त त्यांचा मुलगा व्हा."

मुलाने नळीवरचे चाक अंगठ्याने फिरवले. थेंब मोठा होत होत कुपीच्या तोंडाशी लटकला आणि तिथेच थांबला. डॉक्टरांनी सुई काढली, कापूस दाबून धरला आणि बाटली माझ्या आकड्यावरून उतरवली. खरे सांगू? मला अपमान वाटला. सगळ्यांच्या नजरा एका क्षणात माझ्यावरून खाली उतरल्या आणि बाईंच्या चेहऱ्यावर गेल्या.

डॉक्टरांनी दुखण्याचे आणि धापेचे औषध थेंबाथेंबाने तोंडात द्यायला शिकवले. याने सवय लागणार नाही ना, असे सुनेने भीत भीत विचारले. डॉक्टरांनी समजावले की दुखण्यासाठी बेताने दिलेल्या औषधाला घाबरायचे नसते, घाबरायचे ते दुखणे अंगावर काढायला. मुलाला त्यांनी काम दिले. ओला कापूस घ्यायचा, आईचे ओठ पुसायचे, बर्फाचा छोटा खडा जिभेवर ठेवायचा, दर थोड्या वेळाने कूस बदलून द्यायची. त्याच्या हातांना कामाची फार गरज होती.

दुसऱ्या दिवशी काही फरक दिसला नाही. मुलगा पुन्हा पुन्हा माझ्याकडे बघे आणि मला वाटे, आता लावतो बाटली. पण हळूहळू घरघर ओसरली. सूज सगळी गेली नाही, तरी बोटे मिटता येऊ लागली. आवाज परत आला, खणखणीत नाही, पण बाईंचाच. मग एका सकाळी मुलाने आणि सुनेने त्यांना उचलून उंबरठ्यापलीकडे वेताच्या खुर्चीत नेले. मी मात्र पलंग आणि कपाटाच्या फटीतच राहिलो. मला दारातून त्यांच्या डोक्याचा मागचा भाग तेवढा दिसे. माझ्यावाचून त्यांचे काही अडले नाही, आणि हेच मला सोसत नव्हते.

त्या गॅलरीतले बोलणे मी ऐकले. बाई मुलाला गोचीड म्हणत. सगळ्या गावाला पोहायला शिकवले, पण पोटचा मुलगा तलावाचा काठ सोडेना, म्हणून ते नाव पडले होते. त्या सुनेला सांगत, हा गोचीड मोटारीतल्या पाण्याला भीत नाही, फक्त तलावातल्या पाण्याला भितो. तिघे हसत. एकदा बाई त्याला म्हणाल्या, "शिकवताना मी कोणाला धरून ठेवत नव्हते रे. पाठीखाली नुसता तळहात ठेवायचे. माणूस आपला आपणच तरंगतो. तुला मात्र मी कधी नीट सांगितलं नाही, नुसतीच ओरडले." मुलगा म्हणाला, मलाच धीर झाला नाही, आई. मग दोघे बाबांविषयी बोलले. वडील गेले त्या दिवसाविषयी बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आले नाही. फक्त मुलगा बराच वेळ रडला आणि नंतर पोटभर जेवला, हे मला माहीत आहे.

डॉक्टर येत राहिल्या. कधी औषध थोडे वाढवत, कधी कमी करत. कधी तर काहीच न करता पलंगावर बसून राहत. शेजारच्या काकूंनी सुनेला विचारले, या डॉक्टर काही करतात की नाही? सून म्हणाली, करतात ना, बसतात.

शेवट जवळ आला तेव्हा डॉक्टरांनी दोघांना आधीच सगळे समजावले. श्वास कसा थांबून थांबून येईल, हात कसे गार पडतील, त्यात घाबरण्यासारखे काय आहे आणि काय नाही. म्हणून ती सकाळ आली तेव्हा घरात धावपळ झाली नाही. काकू मात्र कळवळून म्हणाल्या, अरे, निदान आता तरी बाटली लाव, लोक काय म्हणतील? मुलाने एकदा माझ्या रिकाम्या आकड्याकडे पाहिले. "नको काकू," तो म्हणाला. "मी आहे ना इथे."

तो पलंगावर आईजवळ सरकून बसला. त्याने तिच्या पाठीखाली आपला तळहात सरकवला आणि तो तसाच ठेवला. बाईंचा श्वास लांबत गेला आणि मग आला नाही. कोणी कोणाला बांधलेले नव्हते. एवढ्या वर्षांत मी पाहिलेला हा पहिला मृत्यू, ज्यात सगळे माणसाकडे बघत होते.

मुलाने मला पुसून दुकानात परत दिले. तिथून मी आणखी एका घरी आलो आणि आज तिथेच उभा आहे. इथे एक आजोबा आहेत. माझ्या आकड्याला भरलेली बाटली लटकते आहे आणि त्यांची लेक समोर बसून थेंब मोजते आहे. कदाचित या आजोबांना बाटलीची खरोखर गरज असेल. माझ्या आधाराने उठून बसलेली माणसे मी पाहिली आहेत, तेव्हा बाटली वाईटच, असे मी म्हणणार नाही. ते ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. पण इथे आलेले डॉक्टर दारातूनच परत गेले. आजोबा सकाळपासून काहीतरी सांगायचे म्हणून ओठ हलवत आहेत, आणि त्यांना काय हवे ते कोणीच विचारलेले नाही. मला दिसते आहे आणि मला बोलता येत नाही. माझी सगळी कैद ती एवढीच.

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. तुमच्या घरी कोणी असे अंथरुणाला खिळले असेल, तर बाटलीवरची नजर जरा खाली आणा. डॉक्टरांना आत बोलवा, त्यांना बसायला जागा करून द्या, आणि स्वयंपाकघरातल्या गोष्टी त्या माणसासमोर बोला, त्या त्याच्याच आहेत. मग तुम्हीही त्याच्याजवळ बसा आणि तुला काय हवे आहे ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.